जुन्या हल्कच्या प्रेमकथा: एक शनिवार असेल तर कोणती बघावी?

माझ्या भाचीला सुपरहिरो म्हटलं की संगणकावर तयार झालेला हिरवा डोंगर आठवतो. तिच्या पिढीचा दोष नाही, हल्क त्यांना तसाच भेटला. पण मी जेवताना दोन-तीनदा जुन्या टीव्हीवरच्या हल्कबद्दल हळवं होऊन बोललो, तेव्हा तिने सरळ विचारलं, "मामा, त्यातलं नेमकं काय बघू ते सांग. माझ्याकडे एक शनिवार आहे. मारामारी कमी चालेल, पण रडू आलं पाहिजे."

मागणी स्वच्छ होती. उत्तर द्यायला मात्र मला आठवडा लागला. ते इथे सविस्तर लिहितोय, कारण असा एकच शनिवार हाताशी असलेले आणखीही लोक असतील.

उमेदवार तीन. पहिला, 'द इन्क्रेडिबल हल्क' ज्या टेलिफिल्मने सुरू झाली ती, नोव्हेंबर १९७७ ची. दुसरा, त्याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वाची सुरुवात करणारा 'मॅरीड' हा दुप्पट लांबीचा भाग, सप्टेंबर १९७८ चा. तिसरा उमेदवार हल्कचा नाहीच. तो आहे 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन' या मालिकेतला १९७५ चा 'द बायोनिक वुमन' हा दोन भागांचा प्रसंग. तो या यादीत घुसवण्याचं कारण एकच: तिन्ही गोष्टी केनेथ जॉन्सन या एकाच माणसाने लिहिल्या आहेत. हल्कच्या दोन्ही त्याने दिग्दर्शितही केल्या. ओळीने बघितल्या की हा माणूस तीन वर्षं एकाच दुखऱ्या जागेवर बोट ठेवत होता हे लक्षात येतं.

शेवट आधीच फुटेल म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी इथेच थांबावं. बाकी पन्नास वर्षांपूर्वीच्या या गोष्टींचा शेवट मालिकेच्या दर आठवड्याच्या शीर्षकदृश्यातच सांगून टाकलेला असायचा: डेव्हिड बॅनर, म्हणजे चिडला की हिरवा हल्क होणारा माणूस, मेला आहे असं जग समजतं, आणि त्याला जगाला तसंच समजू द्यायला हवं. म्हणजे नायकाला घर नाही, खरं नाव नाही आणि बायको टिकणार नाही. तरीही आपण बघतो.

टिकणार नाही याचं कारण काहीसं व्यावहारिक आहे. त्या काळातली अमेरिकन मालिका म्हणजे दर आठवड्याला नवं गाव, नवी माणसं, नवी अडचण. मधला एखादा भाग चुकला तरी प्रेक्षकाचं अडू नये, म्हणून शेवटी सगळं होतं तिथे परत यायला हवं. नायकाने संसार थाटला तर पुढच्या शुक्रवारी तो रस्त्यावर अंगठा दाखवून गाडी थांबवणार कसा? त्यामुळे प्रेमात पडलेल्या बाईसाठी लेखकाकडे तीनच वाटा उरायच्या: ती मरेल, तो निघून जाईल, किंवा ती विसरेल. बहुतेक मालिका यातली एखादी वाट उरकून टाकायच्या. जॉन्सनने या तिन्ही वाटांवर मन लावून काम केलं, आणि पुढची तुलना त्याबद्दलच आहे.

निवड करण्याआधी स्वतःलाच एक प्रश्न विचारून घ्या: तुम्हाला चटका हवाय की हुरहूर? आपल्याकडे हे दोन वेगळे शब्द आहेत हे बरंच आहे. चटका तिथल्या तिथे बसतो आणि ओसरतो. हुरहूर दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना येते.

एलेना: बोलली, पण कोणाशी?

१९७७ च्या टेलिफिल्मची सुरुवात संसारानेच होते. डॉक्टर डेव्हिड बॅनर आणि त्याची बायको लॉरा, सुखातले दिवस, मग मोटारीचा अपघात. गाडी पेटते, लॉरा आत अडकते आणि डेव्हिडला ती गाडी उचलता येत नाही. पुढची सगळी गोष्ट या न उचललेल्या गाडीतून येते. संकटात काही सामान्य माणसांच्या अंगात अचाट बळ येतं, मग माझ्या का नाही आलं? संशोधनाच्या नावाखाली तो खरं तर हा एकच प्रश्न विचारत हिंडतो. मुलाला वाचवण्यासाठी गाडी उचललेल्या एका आईची मुलाखत तो घेतो. त्या वेळचा डेव्हिड झालेल्या बिल बिक्सबीचा चेहरा बघा. बाई आपली गोष्ट सांगत असते आणि हा शास्त्रज्ञाचा मुखवटा धरून ठेवायची धडपड करत असतो. सुपरहिरोच्या गोष्टीत असला अभिनय मी फार वेळा पाहिलेला नाही.

या कामात त्याच्यासोबत आहे डॉक्टर एलेना मार्क्स. ही भूमिका सुझन सुलिव्हनची. जुनी मैत्रीण, सहकारी, वाद घालणारी, काळजी करणारी. दोघांमध्ये काहीतरी आहे हे आपल्याला दिसतं, त्यांनाही दिसत असावं, पण लॉराची सावली मध्ये आहे आणि शब्द कोणीच काढत नाही. डेव्हिड स्वतःवर गॅमा किरणांचा प्रयोग करतो. यंत्राची मात्रा बदललेली असल्यामुळे त्याला ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त किरण लागतात. मग पावसाळी रात्र, पंक्चर झालेलं चाक, हाताला झालेली इजा आणि पहिलं रूपांतर. ते दृश्य आजही चालतं. डोळे पांढरे होतात आणि शर्ट फाटतो, एवढ्यावरच भागवलंय, म्हणून तर चालतं.

शेवटाकडे जॅक मॅगी नावाचा सनसनाटी बातमीदार बातमीच्या हव्यासाने प्रयोगशाळेत लपून बसतो आणि त्याच्या धक्क्याने रसायन सांडतं. डेव्हिड त्याला धरून बाहेर काढत असतानाच आत स्फोट होतो. एलेना आत आहे. बायकोच्या वेळी जे बळ आलं नाही ते आता येतं, नको तेवढं येतं. हल्क आगीत शिरून एलेनाला उचलून रानात नेतो, पण उशीर झालेला असतो. मरता मरता ती त्या हिरव्या राक्षसाकडे बघून सांगते की तिचं त्याच्यावर कधीपासून प्रेम आहे.

आता खरी गंमत, गंमत म्हणवत नाही तरी. हल्क असताना काय घडलं हे डेव्हिडला शुद्धीवर आल्यावर आठवत नाही. तो नियम गोष्टीने आधीच घालून दिलेला आहे. शेवटच्या दृश्यात तो तिच्या कबरीसमोर उभा राहून म्हणतो की माझं तुझ्यावर प्रेम होतं, तुझंही असावं, पण तू कधी बोलली नाहीस.

ती बोलली होती. आपण ऐकलंय. त्यानेही ऐकलंय, फक्त तो तेव्हा तो नव्हता.

मला या एका दृश्यासाठी जॉन्सनचे सगळे गुन्हे माफ आहेत. यात चटका आहे आणि चटक्याच्या आत हुरहूर आहे. मरण दाखवून रडवणं कोणालाही जमतं. इथे मरणापेक्षा निरोप न पोचल्याचं दुःख मोठं होतं, आणि तो निरोप पुढची पाच पर्वं त्याला मिळत नाही. वर मॅगी जगाला सांगतो की त्या राक्षसाने दोघांचाही खून केला. ज्याने तिला वाचवायला धाव घेतली तोच तिच्या खुनासाठी हवा असलेला आरोपी. मालिकेतली सगळी पळापळ या एका चुकीच्या बातमीवर उभी आहे. (जॉन्सनला हा पाठलाग सुचला तो ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'वरून, हे त्याने स्वतःच सांगितलंय. डेव्हिड म्हणजे पळत राहणारा ज्याँ वालज्याँ आणि मॅगी म्हणजे त्याच्या मागावरचा पोलीस झावेर.)

उणी बाजू: पहिला अर्धा भाग संथ आहे. प्रयोगशाळेतल्या यंत्रांचे दिवे आज हास्यास्पद वाटतात. ज्यांना दहा मिनिटांत हिरवा रंग हवा असतो त्यांनी हिच्या वाट्याला जाऊ नये.

कॅरोलिन: सगळं माहीत असलेली बायको

'मॅरीड'ची जात वेगळी आहे. इथे काही लपवलेलं नाही. डेव्हिड हवाईला जातो तो डॉक्टर कॅरोलिन फील्ड्स यांना भेटायला. त्या संमोहनाने उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि आपल्या मनातल्या राक्षसाला त्या बांधू शकतील अशी त्याला आशा आहे. पण कॅरोलिन स्वतःच असाध्य आजाराने मरणाच्या दारात आहेत. मग एक करार होतो: तू माझा रोग बघ, मी तुझा बघते. करार करणारे दोघे प्रेमात पडतात आणि लग्न करतात.

मॅरिएट हार्टलीला या भूमिकेसाठी १९७९ चं नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं. एका भागापुरत्या पाहुण्या कलावतीला, तेही हिरव्या राक्षसाच्या मालिकेत, प्रमुख अभिनेत्रीचं. बघितल्यावर ते पटतं. तिची कॅरोलिन बिचारी नाही. ती चिडते, टोमणे मारते, उगाच हसते, आणि हातून एखादी वस्तू सुटली की क्षणभर गप्प होते. बिक्सबीचा डेव्हिडही इथे मालिकेत क्वचित दिसतो तसा मोकळा आहे. कारण उघड आहे. त्याचं गुपित माहीत असूनही त्याला जवळ करणारी ही बाई आहे आणि तिच्यापुढे त्याला खोटं आडनाव पुरवावं लागत नाही.

संमोहनाची दृश्यं मालिकेतली सर्वात चमत्कारिक आहेत. मनातल्या वाळवंटात डेव्हिड आणि हल्क समोरासमोर येतात, म्हणजे बिक्सबी आणि हल्क झालेला लू फेरिग्नो एकाच चौकटीत. एरवी एक आला की दुसरा जायचा, त्यामुळे हा योग दुर्मिळ. डेव्हिड त्याला बांधायला बघतो, तो सगळं तोडून बाहेर येतो. पाहायला थोडं बाळबोध आहे, पण चुकवू नये.

शेवट चक्रीवादळात होतो. कॅरोलिन हल्कच्या हातांत मरते. म्हणजे पुन्हा तेच चित्र, तेच हात. जॉन्सनने हे मुद्दाम केलं असणार. पण या वेळी न बोललेलं असं काही मागे उरत नाही. दोघांना तारखेसकट सगळं माहीत होतं, लग्न होऊन गेलं होतं, बोलायचं ते बोलून झालं होतं. म्हणून हा शेवट जास्त दुःखी असूनही जास्त गोड आहे. रडू हमखास येतं, घसा दाटतो, आणि रडून झालं की बरं वाटतं. चटका म्हणतात तो हा.

मधला भाग मात्र रेंगाळतो. वादळ बेताच्या खर्चात उभं केलंय हे लपत नाही आणि वैद्यकीय संवाद ऐकताना माझ्या ओळखीतल्या एका डॉक्टरीणबाई चहाचा कप खाली ठेवून हसल्या होत्या. आणखी एक: हा भाग एकटा बघितला तरी कळतो, पण पूर्ण लागत नाही. एक बायको गाडीत गेली, एक मैत्रीण आगीत गेली, हे माहीत असलेल्या प्रेक्षकालाच डेव्हिडच्या पुन्हा लग्नाला तयार होण्याची किंमत कळते.

जेमी: तो विसरत नाही, तिला आठवत नाही

आता मागे जाऊ, १९७५ ला. स्टीव्ह ऑस्टिन हा अपघातानंतर दोन्ही पाय, उजवा हात आणि डावा डोळा यंत्राचा बसवलेला अंतराळवीर. ती भूमिका ली मेजर्सची. कॅलिफोर्नियातल्या ओहाय या आपल्या गावी तो जातो आणि त्याला जुनी मैत्रीण भेटते, जेमी सॉमर्स. लिंडसे वॅगनरची जेमी टेनिस खेळते, आणि इतकी उत्साही आहे की स्टीव्हसारखा दगडी चेहऱ्याचा माणूसही हसू लागतो. लग्न ठरतं. मग पॅराशूट घेऊन उडी मारताना तिला भीषण अपघात होतो आणि स्टीव्ह आपल्या साहेबांच्या, ऑस्कर गोल्डमनच्या, हातापाया पडतो: मला केलंत तसं तिला करा. सरकारी खर्चाने तिला पाय, उजवा हात आणि उजवा कान मिळतो. बदल्यात तिलाही सरकारची कामं करावी लागणार असतात.

इथे स्टीव्हचा दोष आहे, आणि लेखकाने तो लपवलेला नाही, हे मला आवडतं. तिला वाचवण्याच्या हट्टात त्याने तिला न विचारता तिच्यासाठी एक आयुष्य ठरवून टाकलं. पुढे तिचं शरीर ती यंत्रं नाकारतं. हात थरथरू लागतो, डोक्यात कळा येतात, ती रुग्णालयातून पळते, तो तिला गाठतो आणि ती त्याच्या हातांत कोसळते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती मरते.

इथवर हीसुद्धा बायको मरते तीच वाट. पण प्रेक्षकांनी इतका गिल्ला केला की त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जेमीला परत आणावं लागलं. मेली नव्हती, गोठवून ठेवली होती, असा खुलासा. एरवी असल्या खुलाशावर मी टीव्ही बंद केला असता. पण जॉन्सनने या सवलतीची किंमत वसूल केली. जेमी जगली आणि तिची आठवण गेली. स्टीव्ह कोण हे तिला ठाऊक नाही. आठवायला गेली तर वेदना होतात. म्हणजे तिच्यावर प्रेम असेल तर त्याने एकच करायचं: आठवण करून द्यायची नाही. तो मागे सरतो.

हुरहूर म्हणजे काय ते इथे कळतं. पुढे जेमीची स्वतःची मालिका निघाली, ती ओहायला शिक्षिका झाली, स्टीव्हच्याच आईवडिलांच्या आवारात राहू लागली. स्टीव्ह अधूनमधून यायचा, दोघं मिळून कामं करायची, आणि ती त्याच्याशी अगदी छान वागायची. छान वागणं किती लागू शकतं! वॅगनरला १९७७ मध्ये तेच एमी मिळालं जे दोन वर्षांनी हार्टलीला मिळालं.

आता एलेनाचा शेवट पुन्हा आठवा. जेमीच्या गोष्टीत त्याला सगळं आठवतं आणि तिला नाही. दोन वर्षांनी त्याच लेखकाने उलटं केलं: तिने सांगितलं आणि त्याला आठवत नाही. माझा असा समज आहे की आठवण हा जॉन्सनचा खरा विषय, गॅमा किरण आणि यांत्रिक पाय ही निमित्तं. 'मॅरीड' मात्र विस्मरणाचा आधार न घेता लिहिलेली गोष्ट आहे. तिथे दोघांनाही सगळं आठवतं, नसतो तो फक्त वेळ.

जेमीच्या बाबतीत एक धोक्याची सूचना. ली मेजर्सने स्वतः गायलेलं एक जेमीचं गाणं मध्येच वाजतं. तो आवाज नीट सोसायचा, किंवा त्या वेळी पाणी प्यायला उठायचं.

पुढचं काय, बघावं की नाही

दोन्ही मालिकांचे नंतर टेलिफिल्मी शेपूट आले. हल्क १९८८ मध्ये परतला तेव्हा डेव्हिड मॅगी शॉ नावाच्या बाईबरोबर (बातमीदार मॅगीशी हिचा संबंध नाही) राहत असतो, दोन वर्षं रूपांतर झालेलं नसतं, सगळं स्थिरस्थावर होईल असं वाटतं आणि तो पुन्हा निघतो. थोडक्यात सांगायचं तर, बघितलं नाही तरी चालेल. फेब्रुवारी १९९० च्या 'द डेथ ऑफ द इन्क्रेडिबल हल्क'मध्ये विमानातून पडून डेव्हिडच मरतो आणि जवळ असते जास्मिन नावाची गुप्तहेर. इतकी वर्षं ज्याच्या हातांत बायका मेल्या तो एकदाचा कोणाच्या तरी सोबतीने मरतो. दिग्दर्शन बिक्सबीचंच होतं, आणि तीन वर्षांनी तो कर्करोगाने गेला. सिनेमा म्हणून सुमार आहे, पण पहिल्या टेलिफिल्मनंतर लगेच बघितला तर शेवटची पाच मिनिटं लागतात.

स्टीव्ह आणि जेमीचं लग्न शेवटी १९९४ च्या टेलिफिल्ममध्ये लागलं, एकोणीस वर्षांनी. जेमीची आठवण त्याआधी १९८७ च्या टेलिफिल्ममध्ये परत आणलेली होती. मी ते लग्न बघितलंय. अक्षता टाकल्या, जेवण करून आलो, असं झालं. हुरहुरीवर वाढलेल्या माणसाला मेजवानी पचत नाही. ते सोडून द्या.

तर शनिवारी काय?

भाचीला मी हे सांगितलं. तीन तास आणि पक्कं रडू हवं असेल तर १९७७ ची टेलिफिल्म दुपारी आणि 'मॅरीड' दिवेलागणीनंतर. प्रत्येकी दीड तासाच्या आसपास. क्रम उलटा करायचा नाही. एकच बघायचं असेल तर १९७७ चंच, कारण 'मॅरीड'मध्ये अभिनय वरचढ असला तरी लेखन या पहिल्या गोष्टीचं वरचढ आहे. सुपरहिरो अजिबात नको, फक्त ताटातूट हवी असेल, तर जेमीचे चार भाग, मार्चचे दोन आणि सप्टेंबरचे दोन, सलग. फक्त मार्चचे दोन बघून थांबलात तर साधी शोकांतिका बघितल्यासारखं होईल, खरी वेदना सप्टेंबरात आहे.

नुकतंच घरात कोणी गेलं असेल, आजारपण चालू असेल, तर 'मॅरीड' पुढच्या वर्षावर ढकला. ते दुखणं फार जवळून दाखवलंय. आणि नवरा-बायकोने मिळून बघायचं असेल तर जेमी. माझ्या घरी त्यानंतर बराच वेळ वाद चालला की स्टीव्हने तिला सांगून टाकायला हवं होतं का. बायकोचं म्हणणं, हवं होतं, डोकं दुखलं असतं तर दुखलं असतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काहीही निवडा, हल्क बघताना शेवटची नावं सुरू झाली की टीव्ही बंद करू नका. जो हार्नेलची पियानोवरची ती एकट्या माणसाची धून तिथे वाजते. खांद्यावर पिशवी अडकवून डेव्हिड रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवत उभा असतो, गाड्या निघून जातात. माझ्या मते निम्मं काम त्या पियानोचं आहे.

भाचीने पहिली टेलिफिल्म बघितली. रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, एकच ओळ: "मामा, म्हणजे त्याला कधीच कळत नाही?"

मी तिला जेमीच्या चार भागांची नावं पाठवून दिली.